ठेकेदार जिवंत हवा होता

आमच्या धाकट्याचं बोलणं हातापासून सुरू व्हायचं. तोंड नंतर. माझं लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा माझा हा दीर शाळेत जायचा, आणि नव्या नवरीला शाळेतून पहिलं बोलावणं आलं ते ह्याने एका पोराचा दात पाडला म्हणून. मास्तरांसमोरच मी त्याच्या एक कानाखाली ठेवून दिली. गाल चोळत मला विचारतो कसा, "आता घरी गेल्यावर परत तू मारणार, की दादा?" दादा कसला मारतोय! माझे हे बस चालवतात आणि हॉर्नसुद्धा जपून वाजवतात. हे दोघं एकाच आईच्या पोटचे आहेत ह्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

सासू-सासरे आधीच गेलेले, त्यामुळे धाकट्याला वाढवलं मी, जेवू घातलं मी आणि बदडलंही मीच. शाळा काही त्याच्या पचनी पडली नाही. तो फरशी बसवायला शिकला आणि तिथे मात्र त्याने कमाल केली. न्हाणीघराची फरशी बसवली की तो कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतायचा आणि हाताची घडी घालून बघत बसायचा. पाणी इकडेतिकडे न भटकता जाळीपर्यंत गेलं की खूश. दोन तुकड्यांमधली फट जरा जरी वाकडी दिसली तर लावलेलं सगळं उचकटून काढायचा. जीव लावायचा कामाला. पण ताज्या फरशीवर कुणी पाय दिला की संपलं. आधी सांगायचं, मग ओरडायचं, मग हात उचलायचा, ही माणसांची रीत. ह्याची गाडी शेवटाकडूनच सुटायची. एका गवंड्याचं नाक त्याने ह्याच कारणावरून फोडलं, एका सुपरवायझरला सिमेंटच्या घमेल्यात बसवलं. पोलीस चौकीतल्या त्या बाकड्याला माझ्या बुडाचा आकार आला असेल, एवढी मी तिथे बसले आहे.

ही सगळी माणसं एकाच ठेकेदाराकडे कामाला. ठेकेदार गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणार. मला तो कधीच आवडला नाही. एका सकाळी त्याने सगळ्या कारागिरांना साईटवर उभं केलं आणि म्हणाला, "आजपासून तुम्ही माझे नोकर नाही. तुम्ही सगळे मालक! काम करा, स्वतःचं बिल द्या, पैसे घ्या." झालं. आमची येडी टाळ्या वाजवत घरी आली. सुट्टीचा पगार गेला, पडझड झाली तर दवाखान्याचा खर्च गेला, हे कुणाच्या टाळक्यातच शिरलं नाही. धाकट्याने तर त्याच दिवशी कार्डं छापून आणली. माझ्या नाकासमोर एक धरून विचारतो, "वहिनी, ह्यात प्रोप्रायटर लिहिलंय. म्हणजे काय गं?"

"म्हणजे पडलास तर उचलायला कुणी येणार नाही," मी म्हटलं.

आमच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर आणि मी. लोकांचे फॉर्म भरते, कराची विवरणं भरते. सीए वगैरे नाही हो मी, एका सीएच्या ऑफिसात बरीच वर्षं घासली, त्यावर चाललंय. तर ह्या नव्या मालकांना मी बाकावर बसवलं. एक धाकटा, दुसरा त्याचा जिवलग प्लंबर आणि तिसरा पेंटर. पेंटर म्हणजे काडीसारखा माणूस, पण जीभ भलतीच चालू.

"घरचं खातं वेगळं आणि धंद्याचं वेगळं," मी सुरुवात केली. "भाजीचे पैसे धंद्याच्या खात्यातून काढलेत तर तंगड्या तोडीन. आणि हातात आलं ते सगळं आपलं असं समजू नका. त्यातला थोडा पैसा सरकारचा आहे, तुमच्याकडे नुसता राहायला आलाय. तो आला त्याच दिवशी बाजूला काढायचा. नाही तर वर्षाच्या शेवटी माझ्या दारात रडत याल."

"ब्रश घेतला तर?" पेंटरने विचारलं.

"खर्चात धरायचा. पावती ठेवायची. शिडी, थिनर, कामावर जायचं पेट्रोल, सगळं खर्चात."

"आणि बिडी?"

"बिडी नाही."

"वहिनी, बिडीशिवाय माझा हात सरळ चालत नाही. म्हणजे ते हत्यारच झालं की."

प्लंबर हसत सुटला तेव्हा धाकट्याने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो बाकावरून खाली. हे त्यांचं प्रेम. मी पुढे सांगत राहिले. बिलांना ओळीने नंबर हवेत, एखादं चुकलं तर फाडून फेकायचं नाही, त्यावर रद्द लिहून तसंच ठेवायचं. कमाई झाली नाही तरी विवरण वेळेवर भरायचं, नाही तर न कमावल्याबद्दल दंड बसतो. सगळं सांगितलं. कोऱ्या बिलावर सही करू नका, एवढं मात्र सांगितलं नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं असं कुणालाही वाटेल की नाही?

पण ह्या लोकांचं कामच ओलं. फरशीवाल्याचे हात दिवसभर सिमेंटात, पेंटरचे रंगात, प्लंबरचे कशात ते सांगायलाच नको. अशा हातांनी कागद धरला की त्याचा लगदा होतो. म्हणून ह्यांनी आपापसात एक युक्ती काढली. सकाळी, हात स्वच्छ असताना, नव्या बिलबुकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सह्या ठोकून टाकायच्या आणि ते पुस्तक साईटच्या ऑफिसात खिळ्याला टांगायचं. काम झालं की ठेकेदाराचा कारकून मापं घेऊन बिल लिहिणार, फाडणार, पैसे देणार. हात धुवायची कटकट नाही. सगळी साईट असंच करायची, आणि प्रत्येकाला आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

पुढून बिलं कारकून फाडायचा. मागून ठेकेदार.

हे कळलं कधी, तर टॅक्स ऑफिसची नोटीस आली तेव्हा. धाकट्याने ती माझ्या टेबलावर टाकली आणि मी वाचून उडालेच. आम्ही विवरणात दाखवलेल्या कमाईच्या कितीतरी पट कमाई त्याच्या नावावर दाखवलेली, आणि त्यावरचा कर व्याजासकट मागितलेला. सोबत बिलांच्या प्रती. न बसवलेल्या फरशा, न बघितलेल्या इमारती. ठेकेदाराने आपला नफा लपवायला हा सगळा खर्च दाखवला होता, रोखीने दिला म्हणून. धाकट्याने एकेक प्रत उलटून बघितली.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "बाकी काहीच माझं नाही."

मग तो उठला आणि हत्यारांच्या पेटीतून हातोडा काढला. फरशी ठोकायचा रबरी नाही, लोखंडी. मी दारात आडवी झाले. त्याने मला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! टेबलावरचं स्टेपलर उचललं आणि नेम धरून मारलं. भुवईवर बसलं. रक्त आलं तेव्हा कुठे तो थांबला.

"वहिनी, लागलं ना."

"लागावं म्हणूनच मारलं. बस खाली. आधी मला नोटीस पुरती वाचू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टॅक्स ऑफिसात गेलो. अधिकारी एक बाई होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. हळू बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी धाकट्याला एवढंच विचारलं, "सही तुमची?" तो हो म्हणाला. "मग ही कमाई तुमची," त्या म्हणाल्या. "ठेकेदाराने माझ्यासमोर येऊन, ही बिलं मीच खोटी लिहिली, असा जबाब दिला तर गोष्ट वेगळी. मी त्याला बोलावलंय. स्वतःहून कबूल केलं तर तो दंड आणि व्याजावर सुटेल, नाही तर त्याच्यावर खटला होईल. त्याचा सीए त्याला हे सांगेलच."

"आणि तो आलाच नाही तर?" मी विचारलं.

"नाही आला, पळून गेला, मेला, तर माझ्यासमोर फक्त ह्यांची सही उरते. मग वसुली करावी लागेल. ह्यांच्या नावावर काय आहे?"

दोन खोल्या. दोघा भावांच्या नावावर. एकीत माझं दुकान, दुसरीत आमचा सगळा संसार. जिन्यावर मी कठडा धरून उभी राहिले. धाकटा म्हणाला, "म्हणजे त्या ठेकेदाराला हात लावायचा नाही?"

"केसालाही धक्का लागता कामा नये."

त्याने जिन्याच्या भिंतीवर अशी बुक्की मारली की पोपडा खाली आला.

ठेकेदाराने मी येतो असं कळवलं. त्याच्या सीएने त्याला शहाणपण शिकवलं असणार. जबाबाच्या सकाळी मी धाकट्याचा चांगला शर्ट काढून ठेवत होते, तेवढ्यात प्लंबरची बायको धापा टाकत आत आली. प्लंबर आणि पेंटरलाही तसल्याच नोटिसा आल्या होत्या, प्लंबरचं खातं तर बँकेने बंदच केलं होतं. "वहिनी, ते आणि पेंटर साईटवर गेलेत," ती म्हणाली. "पहार घेऊन. आज त्याला संपवतो म्हणाले."

मी चप्पल कशीबशी पायात अडकवली आणि स्कूटर काढली. धाकटा मागे बसला. रस्ताभर तो एकच वाक्य बोलत होता, "आधी गाठलं असलं तर मेलो आपण, वहिनी." सिग्नल मी बघितलेच नाहीत.

इमारत अर्धवट बांधलेली. जिन्याला कठडे नाहीत, लिफ्टच्या जागी नुसतं वरपासून खालपर्यंत भोक. तिसऱ्या मजल्यावरून ओरडण्याचा आवाज येत होता. वर पोचलो तर ठेकेदार त्या भोकाच्या काठावर गुडघ्यांवर. तोंड सुजलेलं, इस्त्रीचा शर्ट छातीपर्यंत लाल. पेंटरने त्याची कॉलर धरलेली, आणि तो काडीसारखा माणूस थरथर कापत होता. प्लंबरच्या हातात पहार होती. पायाशी त्याचा मोठा पाईप-पाना पडलेला, त्याला केस चिकटलेले.

आम्हाला बघून प्लंबरचा चेहरा उजळला. "आलास? तुझीच वाट बघत होतो. पहिला हात तुझा." पायाने त्याने पाना धाकट्याकडे सरकवला.

धाकट्याने पाना उचलला. त्याच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. ठेकेदाराने हात जोडले, काहीतरी बोलायला गेला, पण ओठ फुटल्यामुळे नुसते बुडबुडे निघाले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी धाकट्याने पाना त्या भोकात फेकून दिला. तो खाली आदळायला बराच वेळ लागला.

"ह्याला ऑफिसात न्यायचाय," धाकटा म्हणाला.

"विकला गेलास!" प्लंबर किंचाळला. "किती दिले रे ह्याने?" आणि त्याने पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. वार ठेकेदाराच्या टाळक्यावर होता. धाकट्याने मध्ये उजवा हात घातला. हाड मोडतानाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. धाकटा ओरडला नाही. त्याने डोकं खाली घालून प्लंबरच्या तोंडावर आपटलं, प्लंबरच्या नाकातून धार लागली, तरी तो पुन्हा उठला आणि धाकट्याच्या त्याच हातावर लाथा घालायला लागला. दहा वर्षांची दोस्ती, एकाच डब्यातलं जेवण, आणि आता दोघं सिमेंटच्या धुळीत एकमेकांचे गळे धरून लोळत होते.

इकडे पेंटर घाबरला आणि त्याने कॉलर सोडून दिली. ठेकेदार मागे कलला. मी काय केलं मला आठवत नाही, पण पुढच्या क्षणी मी जमिनीवर पालथी पडले होते आणि त्या मेल्याच्या कमरेचा पट्टा माझ्या दोन्ही हातांत होता. अर्धा ठेकेदार भोकात, अर्धा वर. "धर ना रे मुडद्या, बघत काय बसलास!" मी पेंटरवर ओरडले. "हा मेला तर ती बिलं खरी ठरतील! तुमचीसुद्धा! जन्मभर फेडत बसाल, गाढवांनो!"

पेंटरने पाय धरले. आम्ही त्याला ओढून वर घेतलं. प्लंबर ऐकायच्या स्थितीत नव्हता, त्याला पेंटरने मागून मिठी मारून धरून ठेवलं आणि दोघंही रडायला लागले. मी माझा पदर फाडून धाकट्याचा हात बांधला. हाताचा आकार हातासारखा राहिला नव्हता. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणतो, "वेळ टळून जाईल."

मग आमची वरात निघाली. पुढे मी, मध्ये रक्ताने माखलेला ठेकेदार आणि मागे डाव्या हाताने त्याला आवळून धरलेला धाकटा, असे तिघं एका स्कूटरवर. लोक थांबून बघत होते. कुणी अडवलं असतं तर मी त्याच्या अंगावरून नेली असती.

अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "हे काय?"

"पडलो," ठेकेदार म्हणाला.

"मीही," धाकटा म्हणाला.

"दोघं एकाच वेळी?"

"कामाची जागा आहे, बाई. पडतात माणसं," मी म्हटलं.

बाईंनी पुढे विचारलं नाही, पाण्याचा जग मात्र आमच्याकडे सरकवला. ठेकेदाराने जबाब दिला. "पुस्तकाच्या मागच्या बाजूची सगळी बिलं माझ्या अक्षरातली आहेत, काम झालेलं नाही, पैसे दिलेले नाहीत." धाकट्याच्या नावावरची ती खोटी कमाई गेली. कोऱ्या बिलांवर सह्या केल्याबद्दल त्याला थोडा दंड बसला आणि बाईंनी हळू आवाजात त्याची अशी खरडपट्टी काढली की तो खाली बघत राहिला. "सही म्हणजे तुमचा शब्द आहे. तो खिळ्याला टांगून ठेवता?" खोल्या वाचल्या. मला तिथेच खुर्चीत रडू फुटलं. आनंदाचं होतं, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

बाहेर व्हरांड्यात प्लंबर आणि पेंटर उभे होते. प्लंबरच्या नाकात कापूस. "तुझं झालं ना?" तो म्हणाला. "आता बाजूला हो." त्याच्या मागे साईटवरचे आणखी चारपाच जण होते.

मी धाकट्याच्या कानात म्हटलं, "चल. आपलं काम झालं. हात दाखवायचाय." खरं सांगते, त्या घडीला ठेकेदाराचं त्यांनी भरीत केलं असतं तरी मला सुखाची झोप लागली असती.

धाकटा हलला नाही. "तुझी तारीख कधी आहे?" त्याने प्लंबरला विचारलं. प्लंबरने सांगितली. पेंटरची त्याच्याही पुढची, सगळ्यात शेवटची. प्रत्येकाची फाईल वेगळी, प्रत्येकासाठी जबाब वेगळा. "मग तोवर हा माझ्याकडे राहील," धाकटा म्हणाला. "ह्याला कुणी हात लावला तर त्याचा हात मी उपटून काढीन. डाव्या हातानेही येतं मला."

माझ्याकडे म्हणजे कुठे? माझ्या दुकानात! ठेकेदाराची बायको भानगड कळताच मुलांना घेऊन माहेरी गेलेली, एकट्याने घरात राहायची त्याची छाती नव्हती. झेरॉक्स मशीनच्या बाजूला त्याची गादी पडली. त्या मेल्याला मी चहा दिला, दोन वेळचं जेवण दिलं. पहिल्या दिवशी कप हातात घेऊन म्हणतो, "साखर जरा कमी आहे." मी म्हटलं, "कमी नाही. घातलीच नाही." एकदा खिडकीतून वीट आली, कॉम्प्युटरची काच फुटली. एकदा दोन अनोळखी माणसं फॉर्म भरायचं निमित्त करून आत घुसली आणि त्यांनी सुरा काढला. धाकट्याने डाव्या हाताने एकाचं डोकं दरवाजाच्या चौकटीवर आपटलं, दुसरा पळाला. फरशीवरचं रक्त पुसलं मी, आणि ठेकेदार माझ्या टेबलाखाली बसून होता. प्रत्येक तारखेला धाकटा त्याला घेऊन जायचा, जबाब देववायचा, परत आणायचा. प्लंबरचं खातं उघडलं त्या दिवशी प्लंबर घरी आला, धाकट्याच्या प्लास्टरकडे बघितलं आणि उंबऱ्यातच बसून राहिला. मी त्याला आत ओढलं, दोन शिव्या दिल्या आणि जेवायला वाढलं.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं ते धाकट्याने मला सांगितलं नाही. मला कळलं ते एका सकाळी. तो दुकानापुढच्या ओट्यावर बसून उजव्या हातात थापी धरायला बघत होता आणि ती सारखी खाली पडत होती. बोटं ताठ. अंगठा तेवढा हलायचा. सिमेंट पसरायचं ते ह्याच हाताने, फरशीचा तुकडा अलगद टेकवायचा तो ह्याच हाताने. आता तो डाव्या हाताने काम करतो, हळू करतो, आणि फट वाकडी दिसली की पूर्वीसारखं उचकटत नाही. नुसता बघत राहतो. आणि पलीकडे गादीवर बसून हे सगळं रोज बघणाऱ्या ठेकेदाराने एकदाही विचारलं नाही, की बाबा, हात कसा आहे? उलट जसजशा तारखा संपत आल्या तसतसा तो फुलायला लागला. शर्टांना इस्त्री करून मागायचा. फोनवर मोठमोठ्याने हसायचा. दंड भरला की झालं, पुढची साईट तयार आहे, म्हणायचा.

पेंटरचा जबाब शेवटचा. मीही गेले होते, त्याची कागदपत्रं माझ्या पिशवीत होती. सगळं सुरळीत झालं. पेंटर बाहेर येऊन जिन्यावर बसला आणि दोन बिड्या एकदम पेटवल्या. ऑफिसच्या मागे गाड्या लावायची जागा आहे, तिथे आम्ही आलो. ठेकेदाराने शर्टाची बाही सारखी केली आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझे उपकार मी विसरणार नाही हं," तो म्हणाला. "हात असाच राहिला तर काळजी करू नकोस. माझ्याकडे ये. वॉचमनची जागा देतो."

धाकट्याने खांद्यावरच्या त्या हाताकडे बघितलं. मग मला विचारलं, "वहिनी, पेंटरची शेवटचीच होती ना?"

"हो."

"म्हणजे आता कुणाचीच तारीख उरली नाही."

ठेकेदाराचा चेहरा पांढराफटक पडला. हात काढून घेत तो मागे सरकला आणि भिंतीला टेकला. पळायला जागा नव्हती, एका बाजूला प्लंबर येऊन उभा राहिला होता, दुसऱ्या बाजूला पेंटर. धाकट्याने उजवा हात उचलला. तोच उचलला, सवयीने. मूठ वळायला गेला. बोटं वळली नाहीत. त्याने दात आवळून पुन्हा जोर केला. मग डाव्या हाताने एकेक बोट धरून आत दाबायला लागला, कपाळावर घाम आला, आणि डावा हात काढला की ती पुन्हा सरळ होत होती.

ठेकेदाराने हे बघितलं. आणि तो हसला. सुटलो, असं हसला.

धाकटा माझ्याकडे वळला. लहानपणापासून मी ह्याला इतकं मारलं, पोलिसांनी मारलं, पहार अंगावर घेतली, पण त्याच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, "होत नाही गं."

"पिशवी धर," मी म्हटलं.

त्याने डाव्या हातात पिशवी घेतली. मी वाकून पायातली चप्पल काढली.